झऱ्याची वाफ आणि वानराची हाक

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक तरुण वानर राहत असे. त्या जंगलाची एक जुनी रीत होती. खाली चितळांचा कळप चरू लागला, की एका वानराने झाडाच्या शेंड्यावर बसून टेहळणी करायची आणि बिबट्या दिसताच छाती भरून हाक द्यायची. या वानराची हाक तर पार पलीकडच्या टेकडीपर्यंत जाई. त्याचे जिवलग मित्र असलेले चितळाचे पाडस त्याच्याच झाडाखाली बिनघोर चरत असे.

त्याच जंगलात गरम पाण्याचा एक झरा होता. त्याच्या वाफेला केवड्याचा गोड वास येई. काठावर ठाण मांडून बसलेल्या कोल्ह्याने एकदा वानराला बोलावले. "धूर थोडाच आहे हा? नुसती वाफ आहे. येताना एखादं फळ आणत जा म्हणजे झालं," तो म्हणाला. काठच्या मुळ्यांमुळे त्या वाफेत नशा उतरते, हे मात्र त्याने सांगितले नाही. वानर आधी गंमत म्हणून गेला, मग चार सोबती जातात म्हणून, आणि पुढे पुढे गेल्यावाचून त्याला चैनच पडेना.

एके सकाळी गवतातून सरकणारा बिबट्या वानराला दिसला. हाक द्यायला त्याने छाती भरली, आणि आली ती खोकल्याची उबळ. तेवढ्यानेही पाडसाने मान वर केली म्हणून ते निसटले, पण बिबट्याचा पंजा त्याच्या मागच्या पायाला लागलाच. वानराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. यापुढे झऱ्याकडे फिरकणार नाही, अशी त्याने टोळीसमोर शपथ घेतली.

दोन दिवस शपथ टिकली. पण त्याचे झोपायचे झाड झऱ्याला लागूनच होते आणि सोबती येता-जाता बोलावत होते. तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. टोळीच्या म्होरक्या हुप्प्याने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतले, त्याची टेहळणी काढून घेतली, आणि तुझ्याने काही व्हायचे नाही असे वर ऐकवले. त्या रागात वानर तडक कुठे गेला असेल? झऱ्यावरच. मुलांनो, हुप्प्याची तळमळ खरी होती. पण नुसत्या रागावण्याने सवयी सुटत असत्या, तर जंगलात एकही वाईट सवय उरली नसती.

दुसऱ्या दिवशी पाडस लंगडत त्याला शोधत आले. वानर पानांआड तोंड लपवून बसला होता. शपथ मोडलीच आहे, आता कशाला धडपडायचे, असे तो म्हणू लागला. पाडसाने ते शांतपणे ऐकून घेतले.

"काल चुकलास, म्हणून आज चुकलंच पाहिजे असं कुठे आहे?" ते म्हणाले. "ओढ लागली की मला बोलाव. ती जाईपर्यंत आपण दोघं बसू."

वानराने मग झोपायचे झाड बदलले आणि झऱ्यापासून दूरची एक चिंच धरली. ओढ लागली की तो खाली उतरे आणि पाडसाशेजारी बसून चिंचेचा पाला चघळे. सुरुवातीला तो पाडसावरच चिडे; पाडस निमूटपणे रवंथ करत राही. हळूहळू त्याच्या लक्षात आले, की ओढ वाऱ्याच्या झोतासारखी येते आणि मूठभर पाला संपेपर्यंत निघूनही जाते. मध्ये एकदा त्याचा पाय पुन्हा झऱ्याकडे वळला. पण या वेळी त्याने तोंड लपवले नाही. त्याच दिवशी पाडसाला सांगितले आणि पुन्हा चिंचेखाली येऊन बसला. कोल्ह्याने दोनदा निरोप धाडला, वानर गेला नाही.

चिंचा पिकल्या तेव्हाची गोष्ट. टेहळणीवरच्या वानराला डुलकी लागली होती आणि बिबट्या कळपाच्या अगदी जवळ आला होता. आपल्या वानराने त्याला पाहिले. तो सरसर शेंड्यावर चढला, छाती भरली आणि हाक दिली. पलीकडच्या टेकडीने ती परत पाठवली. कळप उधळला. पाडसाचा पाय अजून लंगडत होता, पण वेळेवर पळायला मिळाले म्हणून ते वाचले.

हुप्प्याने दुसऱ्याच दिवशी त्याला टेहळणी परत दिली. त्या संध्याकाळी दोघे मित्र चिंचेखाली बसले होते.

"तुझ्यावाचून ही हाक परत आली नसती," वानर म्हणाला.

"आणि त्या हाकेवाचून माझं काय झालं असतं?" पाडस म्हणाले.

तात्पर्य : सवय सोडू पाहणाऱ्याला दहा दटावणाऱ्यांपेक्षा ओढीच्या घडीला शेजारी बसणारा एक सोबती अधिक उपयोगी पडतो, आणि चुकलेल्याने तोंड लपवण्यापेक्षा पुन्हा सुरुवात करावी.