पखवाजाचा सत्कार

वाद्यं आपापसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका देवळातल्या वाद्यांनी ठरवलं, गावाच्या भजनासाठी सर्वांत जास्त झटणाऱ्या एकाला पुरस्कार द्यायचा. निवड झाली पखवाजाची.

"आवाज घुमावा म्हणून तुमच्या डाव्या तोंडाला लावतात, त्या कणकेचंही नाव पुरस्कारात घालू," टाळ म्हणाले.

"ती रोज नवी मळतात आणि रोज खरवडून फेकतात," पखवाज म्हणाला. "तिचा कसला सत्कार?"

सत्काराच्या दिवशी भजन नव्हतं, म्हणून कणीक कुणी मळलीच नाही. शाल झाली, नारळ झाला. वीणा म्हणाली, "आता दोन शब्द बोला."

पखवाज बोलू लागला. डावीकडून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"कालची कणीक कुठंय?" तो घाईने म्हणाला.

पायरीवरच्या कोंबडीने चोच पुसली.

"छान होती," ती म्हणाली. "मीठ तेवढं कमी होतं."