पाय धुऊन जा

नदीवर पूल नव्हता, आणि पूल असावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्याला थायलंड म्हणतात त्या देशाच्या उत्तरेला, जिथे सागवानाचे डोंगर संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथे था-साई नावाचं गाव आहे. ‘था’ म्हणजे होड्यांचा धक्का आणि ‘साई’ म्हणजे वाळू. आपले साई वेगळे, त्यांचा इथे काही संबंध नाही. गाव नदीच्या पश्चिमेला आणि देऊळ पूर्वेला. असं का, म्हणून विचाराल, तर गावकरी सांगतात की देव आधी आला आणि त्यानं चांगली जागा घेतली.

देऊळ फार मोठं नव्हतं. घंटेच्या आकाराचा विटांचा एक उंच स्तूप, त्याला तिकडे चेदी म्हणतात. चेदीपुढे सागवानी खांबांची ओसरी, तिच्यात मांडी घालून बसलेली बुद्धाची चुनेगच्ची मूर्ती, आणि नदीकडच्या दारात दोन दगडी सिंह. अंगणात फरशी नव्हती. सगळीकडे बारीक, पांढरी वाळू होती, आणि रोज सकाळी ती झाडूनही पुन्हा तितकीच दिसायची.

पलीकडच्या गावातून देवळात यायचं तर सेंगदाची होडी. नावाडी बापाचे गुडघे गेले तेव्हा विसाव्या वर्षी तिनं वल्हं हातात घेतलं. आई आधीच गेली होती. चेदीच्या भिंतीत ओळीनं कोनाडे आहेत, त्यांतल्या एकात तिच्या अस्थी ठेवल्या होत्या. होडी धक्क्याला लागली की सेंगदा त्या कोनाड्याकडे बघून मान लववायची आणि बापाच्या गुडघ्यांपासून घरातल्या मांजरीपर्यंत सगळं आईला मनातल्या मनात सांगायची.

त्याच वर्षी नदी पूर्वेकडे सरकू लागली. पावसाळा संपता संपता, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काठ खचला आणि दारातला डावा सिंह पाण्यात गेला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. म्हैस डुंबायला उतरते तसा तो उतरला आणि दिसेनासा झाला.

देवळाचा कारभार नान-वोंग नावाचे गृहस्थ बघायचे. भिक्षू राहून पुन्हा संसारात आलेल्या माणसाला तिकडे नान म्हणतात आणि त्याचा शब्द मानतात. नान-वोंगांचा सिंहावर जीव होता. राग काढायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि समोर सेंगदा उभी होती.

“हिच्यामुळे!” ते ओरडले. “लोक देवळात येतात, जाताना पायाला देवाची वाळू चिकटवून जातात. त्यांना पलीकडे कोण नेतं? ही! रोज होडी भरून भरून देऊळ वाहून नेतेय ही पोरगी!”

हे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. देवळातून निघताना पायाला लागलेली वाळू म्हणजे देवाची वस्तू, ती नेऊ नये, असं त्या मुलखात सगळेच मानतात. म्हणून तर भर उन्हाळ्यात नवं वर्ष लागलं की प्रत्येक जण ओंजळभर वाळू आणून अंगणात घालतो आणि तिची इवलीशी चेदी रचतो. पण त्यासाठी कुणी नावाडणीला धारेवर धरलं नव्हतं. लोक हसले. सेंगदा हसली नाही. ते बोलणं तिला लागलं, इतकं, की त्या दिवशी आईच्या कोनाड्याकडे बघायचीही तिला लाज वाटली.

ती देवळातल्या वडीलधाऱ्या भिक्षूंकडे गेली. त्यांना सगळे ख्रूबा म्हणत. ख्रूबा अंगण झाडत होते.

“ख्रूबा, नान-वोंग म्हणाले ते खरं का हो?”

“थोडंसं खरं आहे. म्हणून तर नववर्षाला सगळे वाळू आणून घालतात.”

“ती वर्षातून एकदाच आणतात. नेतात रोज.”

ख्रूबांचा झाडू थांबला. “हं,” ते म्हणाले. “हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी देवळाच्या बाजूच्या धक्क्यावर घंगाळासारखं पसरट मातीचं एक भांडं आलं. त्यात नदीचं स्वच्छ पाणी. देवळातून परतणाऱ्या प्रत्येकाला सेंगदा एकच सांगायची, “पाय धुऊन जा.” आपल्याकडे घरात शिरताना पाय धुतात, तिनं निघताना धुवायला लावले. पाय बुडवायचे, खळखळ हलवायचे, मग होडीत बसायचं. संध्याकाळी पाणी निवळलं की तळाशी मूठभर वाळू उरायची. सेंगदानं सिंह पडला त्या जागी बांबूचे खुंट ठोकले होते, आणि ती वाळू ती त्यांच्यामागे नेऊन ओतायची.

नान-वोंगांनी आकांडतांडव केलं. पायांखालची घाण देवाच्या दारात? सेंगदानं मग वाळू चाळली, तीन पाण्यांतून काढली, चटईवर उन्हात वाळवली. तरी त्यांचं समाधान होईना. “मी या बाईच्या होडीत पाऊल ठेवणार नाही,” त्यांनी जाहीर केलं, आणि खरंच ठेवलं नाही. वर तीन कोसांवर नदीला उतार होता. तिथून ते गुडघाभर पाण्यातून देवळात जायचे आणि तिथूनच परतायचे, एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल तेहतीस वर्षं. जास्त हट्टी कोण, सेंगदा की नान-वोंग, यावर गावात आजही एकमत नाही.

“काय सेंगदा, आज देऊळ किती वाढलं?” लोक चिडवायचे. “मुठीएवढं,” ती सांगायची. पावसाळ्यात नदी त्यातलं निम्मं घेऊन जायची. सेंगदा नवे खुंट ठोकायची आणि पुन्हा मुठीपासून सुरुवात करायची. मिठाचे व्यापारी, मातीची भांडी विकणारे, विणकर बायका, डोंगरातून मध घेऊन उतरणारे, सगळ्यांना तिच्या हाकेची सवय झाली. असं म्हणतात, की देवळातली कबुतरंसुद्धा पलीकडे उडून जाण्याआधी त्या घंगाळात पाय बुडवायची. असंही म्हणतात, की एका सकाळी घंगाळाच्या काठावर वाघाचा ओला पंजा उमटला होता आणि तळाशी नेहमीपेक्षा जरा जास्त वाळू होती.

अशी तेहतीस वर्षं गेली. सेंगदाचे केस पिकले. गाव तिला मे-उइ सेंगदा म्हणू लागलं. तिकडे म्हाताऱ्या बाईला मायेनं मे-उइ म्हणतात, आपण आज्जी म्हणतो तसं. आणि नदी आता चेदीपासून फक्त दहा हातांवर आली होती.

ही बातमी त्या मुलखाच्या राजापर्यंत पोहोचली. पावसाळ्याच्या तोंडावर तो हत्तीवर बसून आला, अनवाणी देवळात गेला, मूर्तीला नमस्कार केला, काठावर जाऊन खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “हे काही वाचत नाही. मूर्ती माझ्या नगरात नेऊ. चेदी उतरवा, विटा कामाला येतील.”

सेंगदानं ते ऐकलं. मूर्ती गेली की देऊळ जाणार, देऊळ गेलं की धक्का जाणार. आणि कोनाडा? आईला ती कुठल्या नगरात शोधणार होती? राजा परत निघाला, हत्ती पाण्यात उतरणार, एवढ्यात ती घंगाळ घेऊन समोर उभी राहिली.

“पाय धुऊन जा, महाराज.”

माहुताला घाम फुटला. राजा वरून म्हणाला, “मी तर हत्तीवर आहे, बाई.”

“मग हत्तीचे धुवा. आणि तुमचेही. देवळात चालत गेला होतात ना?”

राजा खाली उतरला आणि त्यानं घंगाळात पाय बुडवले. त्यानंतर हत्तीची पाळी आली. त्याच्या चार पायांसाठी सात वेळा पाणी बदलावं लागलं, आणि निघालेल्या वाळूनं टोपली भरली. ती टोपली बघून राजाला राहवेना. “इतकी?” तो म्हणाला. “मी इतकं देऊळ घेऊन चाललो होतो?”

“सगळेच नेतात, महाराज. कुणाला कळत नाही, एवढंच. आता तुम्ही परत केलंत. मग मलाही एक द्या. हा एक पावसाळा.”

राजानं विचार केला. “दिला. भिक्षूंचा वर्षावास संपेल त्या दिवशी मी येईन. चेदीचा पाया कोरडा असेल, तर देव इथेच राहील. ओला असेल, तर मूर्ती हत्तीवरून नेईन.”

तो पावसाळा था-साईत आजही विसरलेले नाहीत. डोंगरात वीस दिवस पाऊस थांबला नाही. नदीचं पाणी चहासारखं लाल झालं, त्यातून अख्खे सागवान वाहत आले. मुलूखभर एकच बातमी पसरली, की मे-उइ सेंगदाला वाळू हवी आहे. मग तिच्या होडीतून एकदा तरी गेलेले लोक येऊ लागले. मीठवाले आले, विणकर बायका आल्या, डोंगरातले मधवाले आले. कुणी पदरात, कुणी टोपीत, कुणी केळीच्या पानात वाळू आणली. इतकी वर्षं जी ‘धुऊन जा, धुऊन जा’ म्हणून त्यांच्या मागे लागायची, तिच्यासाठी ती माणसं भिजत येत होती. सेंगदा वल्हवत होती आणि रडत होती, आणि पावसात ते कुणाला कळत नव्हतं, हे तिला बरं वाटत होतं.

वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी सकाळी पश्चिमेच्या काठावर नान-वोंग आले. सत्तरी उलटलेली, पाठीवर पोतं. वरचा उतार पाण्याखाली गेला होता, म्हणून आले होते, असं ते नंतर सांगायचे. पोतं होडीत टाकून ते मुकाट्यानं बसले. पलीकडे पोहोचल्यावर म्हणाले, “तेहतीस वर्षं मी पाय न धुता जात होतो. अंदाजानं भरून आणलीय. थोडी जास्तच असेल.”

“जास्त नाही, नान-वोंग,” सेंगदा म्हणाली. “बरोबर आहे.” आणि तिनं त्यांना हात देऊन उतरवलं.

पण दुपारी नदीनं बांबूचे खुंट काडीसारखे मोडले. वाळूचा बांध फुटला. पाणी चेदीपासून चार हातांवर आलं, मग दोन, मग एक. पलीकडच्या टेकाडावर राजाचे हत्ती दिसू लागले. ख्रूबांच्या जागी आता त्यांचा शिष्य होता, त्यानं मूर्तीपुढे डोळे मिटून घेतले. लोक मागे सरले. मागे सरली नाही ती फक्त सेंगदा.

तिनं घंगाळ उचललं, तशीच गेली आणि नदीच्या अगदी तोंडासमोर ते खाली ठेवलं.

“कुठे निघालीस?” ती नदीला म्हणाली. गावातल्या एखाद्या पोरीला दटावावं तसा तिचा आवाज होता. “सिंहाच्या पायथ्यावरून चालून आलीस, अंगणाची कड तुडवलीस, पायाला देवळाची किती वाळू लागलीय ते बघ. तशीच खाली जाशील? राजा धुऊन गेला, हत्ती धुऊन गेला, वाघ धुऊन गेला. माझ्या धक्क्यावरून पाय धुतल्याशिवाय कुणी जात नाही. पाय धुऊन जा!”

असं म्हणतात, की नदी थबकली. तिचा आवाज एकदम बंद झाला, आणि पावसाचे थेंब पानांवर पडताना ऐकू येऊ लागले. असं म्हणतात, की लाल पाण्याची एक जीभ पुढे आली, घंगाळात शिरली, गरागरा फिरली आणि निवळशंख होऊन बाहेर पडली. मागून दुसरी आली, मग तिसरी. घंगाळ भरलं, वाळू काठावरून सांडू लागली आणि सांडतच राहिली. सेंगदा मागे सरकली, तशी वाळू पुढे सरकली. दिवस मावळायच्या आत चेदीसमोर पन्नास हात रुंद, पांढरंशुभ्र वाळवंट पसरलं होतं, आणि नदी त्याच्या पलीकडून शहाण्या पोरीसारखी खाली मान घालून चालली होती.

तेवढ्यात नान-वोंग किंचाळले. “सिंह! माझा सिंह!”

वाळवंटाच्या मधोमध, डोकं वर काढून, डावा सिंह बसला होता. तेहतीस वर्षांपूर्वी नेला होता, तोही नदीनं परत ठेवला होता. फक्त त्याचं नाक नव्हतं. राजा पलीकडून उतरून आला, चेदीच्या पायाला त्यानं हात लावून पाहिला, तो कोरडा होता. मग त्याच्याच हत्तींनी सिंह ओढून दारात नेऊन बसवला. सेंगदा मात्र आधी कोनाड्यापाशी गेली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर करून, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगितलं, “आई, मी देऊळ नेलं नाही गं. आणलं.”

आता तिथे पूल आहे. पर्यटकांच्या बस येतात, माणसं चेदीचे फोटो काढतात आणि एका सिंहाला नाक का नाही, असं विचारतात. पण पुलाच्या पूर्वेच्या टोकाला पाण्याचं घंगाळ आहे आणि त्याच्याशेजारी एक आजी बसलेली असते. गाव दर वर्षी एका बाईला तो मान देतं, आणि त्या वर्षापुरतं तिला सगळे मे-उइ सेंगदा म्हणतात. परतणाऱ्या प्रत्येकाला ती पाय धुवायला लावते. मंत्री असो नाहीतर परदेशी पाहुणा, सवलत नाही. बसचीसुद्धा चारही चाकं धुतात, ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी. जमलेली वाळू नववर्षाला अंगणात घालतात आणि तिची चेदी रचतात. त्या चेदीवरची शेवटची मूठ नान-वोंगांच्या घराण्यातलं माणूस घालतं.

आणि वर्षावास संपतो त्या दिवशी ती आजी घंगाळ घेऊन नदीवर जाते, पाण्यासमोर ठेवते आणि ते तीन शब्द म्हणते. मग नदी आपले पाय धुते. हे सांगताना मात्र था-साईत कुणी ‘असं म्हणतात’ म्हणत नाही. ते तुमचा हात धरून काठावर नेतात आणि नवी, ओली, पांढरी वाळू दाखवतात.