मुंगसाची खूण

रानात पायवाटाही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. कोण कशात मदत करतो, ते सुतारपक्षी एका जुन्या खोडावर निरनिराळ्या खुणांखाली कोरून ठेवी.

"तुला सापाच्या खुणेखाली कोरतो," तो मुंगसाला म्हणाला.

"सापाखाली? शोभतं का ते? वाघोबांशेजारी, शूरांच्या रांगेत कोरा, सुतारदादा."

त्याने तसं कोरलं.

एका सकाळी शिंपी पक्षीण घाबरून खोडाकडे आली. तिच्या पिल्लांपाशी साप पोचला होता. सापाच्या खुणेखाली नुसती कोरी साल होती.

तिचा आक्रोश ऐकून मुंगूस धावलं, पण पोचलं तेव्हा घरटं रिकामं होतं.

"सापाच्या खुणेखाली कुणीच नव्हतं रे," एवढंच ती म्हणाली.

मुंगूस मान खाली घालून सुताराकडे गेलं. "दादा, मला सापाखाली कोरा."

"नाव मोठं कोरू?"

"नाव नको. माझं बीळ कुठं आहे, तेवढं कोरा."