दाढआजी म्हणे हललीच नाही

दुधाचे दात पडून गेले होते आणि अक्कलदाढ अजून यायची होती, त्या काळातली ही गोष्ट. शाल्मलीच्या तोंडात एका सुळ्याला रांगेत जागाच मिळाली नव्हती. तो वर हिरडीला लटकून राही आणि घास त्याच्यापर्यंत पोचतच नसे. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या शेजारचा एक दात काढला, बाकीच्यांवर धातूची बटणं चिकटवली आणि त्यांतून तार ओवून तिचं टोक सगळ्यात मागच्या दाढआजीला अडकवलं.

"आपल्या घराण्यात कुणी जागा सोडत नाही," आजी म्हणाली. "हाडात रुतलेला दात कधी हलतो होय?"

"मग मी जन्मभर असाच उपाशी लटकू का?" सुळा म्हणाला आणि तारेकडे वळला. "तू मला ओढणार तरी कशी?"

"तुझ्यापर्यंत पोचायला मला वाकवलंय," तार म्हणाली. "मी फक्त पुन्हा सरळ होत राहीन. तू सरकशील त्या बाजूचं हाड विरेल, तू सोडशील तिथे नवं भरेल. दुखेल मात्र."

दुखलं. पण दीड वर्षात सुळा रांगेत आला.

तार निघाली त्या दिवशी आजी म्हणाली, "एवढी उलथापालथ झाली, पण मी जागची हलले नाही."

जीभ सवयीने तिच्या मागे फिरून आली. "आजी, तुझ्या मागे मला टेकायला जागा झालीये. आधी नव्हती."

"आधीपासूनच होती," आजी म्हणाली.

सुळा सोलण्यात गुंतला होता. त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच उसाचं कांडं आलं होतं.