अळणी पार

बसा, चहा येतोय. पण आधी एक सांगून ठेवतो. मघाशी तुमच्यातल्या ताईंनी त्या म्हातारबांना सहज विचारलं, "बाबा, जेवलात का?" आणि ते तोंड फिरवून चालू लागले. त्यांचा राग धरू नका. एरवी ते तुम्हाला घरी नेऊन भाकरी वाढतील. पण आज आमच्या निंबदऱ्यात ग्रामसभा आहे, आणि सभेच्या दिवशी या गावात 'जेवलात का' हे कुणी कुणाला विचारत नाही.

माझ्या दुकानासमोर तो पार दिसतो ना, त्याच्या खालच्या पायरीकडे बघा. दगड मधोमध परातीसारखा खोल गेलाय. कुणी छिन्नी लावलेली नाही. गुरांनी चाटून चाटून तो तसा झालाय. रानातून परतताना प्रत्येक जनावर तिथं थांबतं, जीभ फिरवतं आणि मगच गोठ्याकडे जातं. दगड खारट आहे, असं सांगतात. मी स्वतः बोट लावून चाखलेलं नाही. गावातलं कुणीच चाखत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावचा कारभार या पारावर चाले. श्रीमंत असो की रोजंदारीचा, प्रत्येक घराला एक शब्द. एक नेम मात्र होता: ज्याचं मीठ पोटात आहे, त्याच्याविरुद्ध पारावर तोंड उघडायचं नाही. आणि जो गप्प बसेल तो राजी धरायचा. नेम चांगल्या मनानं केला होता म्हणे. कुणा चाकराला दमदाटी करून त्याच्या धन्याविरुद्ध खोटं बोलायला लावू नये, एवढाच हेतू होता.

त्या काळी मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवर यायचं. एका वर्षी घाटात रोगराई होऊन तांडे अडले आणि गावात मिठाचा खडा दिसेना. अशात गोंदशेट नावाचा व्यापारी वीस-पंचवीस बैल घेऊन आला. लोकांना वाटलं, आता हा कातडी सोलणार. पण त्यानं घराघरासमोर बैल थांबवला आणि एकेक मडकं भरून मीठ दिलं. मोबदला विचारला तर म्हणाला, "राहू दे हो. जेवताना आठवण काढा म्हणजे झालं." पुढे तांडे सुरू झाले तरी त्याचं मडकं दर सणाला येतच राहिलं.

मी जन्म दुकानात काढलाय, म्हणून मला इथं नेहमी थांबावंसं वाटतं. त्यानं उधार दिलं असतं तर लोकांनी आज ना उद्या फेडलं असतं आणि मोकळे झाले असते. त्यानं फेडायला काही ठेवलंच नाही.

तीन पावसाळे गेले. गोंदशेटनं वरच्या अंगाला जमीन घेतली, केळीची बाग धरली, आणि एके दिवशी पारावर येऊन हात जोडून म्हणाला, "डोंगरातला ओढा माझ्या बागेकडे वळवायची परवानगी द्या." तो ओढा खालच्या वस्तीचं पाणी होता. प्यायला तोच, गुरांना तोच. वळवला तर वस्ती उठणार हे पोरासोरांनाही कळत होतं.

खालच्या वस्तीतला बिरूअण्णा धनगर उठला. मोठ्या आवाजाचा माणूस, या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायचा. तो बोलणार एवढ्यात गोंदशेटनं मायेनं विचारलं, "बिरूअण्णा, जेवलास का?"

बिरूनं सकाळी मीठ लावूनच भाकरी खाल्ली होती. तो उभा होता तसा खाली बसला. मग दुसरा उठला. त्यालाही तोच प्रश्न, त्याच मायेनं. तिसऱ्याला विचारावंच लागलं नाही.

मग धुरपा उठली. ही खालच्याच वस्तीतली. नवरा मागेच गेलेला, तेव्हा घराचा शब्द तिचाच. तिचं पाच वर्षांचं पोर पायावर उभं राहत नव्हतं. ते चालेपर्यंत मीठ खाणार नाही, असा तिनं जोगाईला नवस केला होता. गोंदशेटनं दिलेलं पहिलं मडकं तिनं न उघडता कोनाड्यात ठेवलं होतं, आणि नंतरची दारातूनच परत लावली होती.

"जेवलीस का गं, धुरपा?"

"जेवले की शेट. अळणीच जेवले."

पारावर कुणीतरी हसलं म्हणे, आणि लगेच दाबलं. धुरपा म्हणाली, "ओढा वळवू नका. माझं पोर त्या पाण्यावर आहे, तुमचीही आहेत." बस, एवढंच. तिला भाषण कुठलं येणार. ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पाटलानं विचारलं, "आणखी कुणी?" बिरू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. पाटलानं नेमाप्रमाणे निकाल सांगितला: एक घर नाराज, बाकी गाव राजी.

ओढा वळला. उन्हाळ्यात खालची वस्ती डबक्यांवर आली, डबक्यांतून हगवण आली. धुरपाचं पोर उभं राहायच्या आधीच गेलं. त्याला पुरून आल्यावर तिनं कोनाड्यातलं मडकं घेतलं, पारापाशी आली आणि सगळं मीठ त्या पायरीवर ओतलं. म्हणाली, "माझा नवस आता फिटायचा नाही. मी मरेपर्यंत अळणीच खाणार. पण इथं बसून दुसऱ्याच्या पोराचा निवाडा करायचा असेल, तर त्या दिवशी तुम्हीही अळणी खाऊन या." आणि तिथंच बसून राहिली. मीठ विरघळलं ते पावसानं नव्हे, असं सांगतात. पाऊस त्या साली पडलाच नव्हता.

पाहुणे नेहमी विचारतात, गोंदशेटचं काय झालं? काही नाही झालं. बाग फळली, नातवंडं झाली, म्हातारा होऊन अंथरुणात सुखानं गेला. खालच्या वस्तीची जोती त्या बाभळींत दिसतात, जाताना बघा.

आजही सभेच्या दिवशी निंबदऱ्यात एकाही चुलीवर मीठ पडत नाही. आदल्या दिवसापासून माझ्याकडे मिठाची पुडी कुणी मागत नाही. आज सभेपुढे गायरानाचा विषय आहे. चाळीस एकर गायरान खडी क्रशरला द्यायचं म्हणतात. क्रशरचे मालक फार सभ्य गृहस्थ आहेत. गावचा नेम त्यांनी आधी नीट विचारून घेतला. काल संध्याकाळी त्यांच्या माणसानं घरटी एकेक किलो पेढे वाटले. आमच्या शेजारच्या सुभद्राकाकूंनी खोका हातात धरून मला विचारलं, "शेट, यात मीठ असतं का हो?"

मी म्हटलं, "नाही काकू. पेढ्यात कुठलं मीठ?"

त्यांनी खोका आत नेला.

तो बघा, पाराजवळ पांढऱ्या शर्टातला माणूस उभा आहे ना, तोच तो पेढे वाटणारा. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून हळूच विचारतोय. नाही, जेवलात का असं नाही विचारत. शहाणा आहे.

"तोंड गोड झालं ना?" असं विचारतोय.

लोक मान हलवतात आणि पारावर जाऊन बसतात. तुमचा चहा निवतोय, घ्या. थोडं थांबलात तर गुरं परतताना दिसतील. गायरानातून याच वाटेनं येतात, आणि आजही त्या पायरीशी थांबतात.