अकरावं नाव

"बुवा, घंटा माझ्या हाती कधी देणार?"

बुवांच्या शिष्यानं, मार्तंडानं, सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं.

चिमणगीर बुवा मठाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. सात दिवस तापानं फणफणत होते, त्यात आवाज पार बसला होता. बोलायचे ते घोगरं, आणि तेही अगदीच गरज पडली तर.

आता पडली नसावी. बुवा नदीकडं बघत राहिले.

मार्तंडाला घाई होती, आणि त्याच्या मते तसं कारणही होतं. काळडोह गावाची रीतच तशी आहे. नदीनं नेलेल्या माणसांची नावं सर्वपित्री अवसेला भर दुपारी घाटावर पुकारायची. एक नाव, घंटेचा एक टोल. टोल पडला की त्या घरच्या माणसानं दहीभाताचा द्रोण पाण्यात सोडायचा. तोवर गेलेला माणूस गेला असं गाव धरत नाही. आणि ही घंटा ज्याच्या हाती, तो बुवांच्या मागं मठाचा धनी.

चाळीस वर्षं बुवांनीच नावं पुकारली. कशी? तर तलाठ्यानं सातबारा वाचावा तशी. ना सूर, ना ताल. अमकीचा अमका... टोल. तमकीची तमकी... टोल. मार्तंडाला ते ऐकवत नसे. तो शहरात पाच वर्षं कीर्तन शिकून आलेला, गळा गोड, आणि आपला गळा गोड आहे हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

यंदा श्रावणात बाजाराला निघालेली होडी डोहात उलटली. अकरा माणसं गेली. अवसेला बुवा तापात पडलेले, म्हणून घंटा घेऊन मार्तंड गेला. आणि त्यानं काय केलं, तर सगळ्या नावांचं एक गाणं बांधलं!

लोक ढसाढसा रडले. पलीकडच्या गावच्या सरपंचानं तर जागच्या जागी शाल घातली अंगावर. मार्तंडाला गगन ठेंगणं झालं होतं, ते आज चौथ्या दिवशीही तसंच ठेंगणं होतं.

"म्हणून दाखव," बुवा एकदम म्हणाले.

"काय?"

"नावं."

मार्तंडाची कळी खुलली. त्यानं मांडी ठोकली, डोळे मिटले.

"राणबा, गणबा, ज्ञानबा... येसबा, कोंडिबा, महादबा, बाळबा..."

पहिली ओळ अशी 'बा' वर येऊन विसावायची. मग आवाज हळूच खाली उतरायचा आणि बायका यायच्या.

"साळूबाई, ठकूबाई... सोनाबाई..."

शेवटच्या 'बाई' वर त्यानं अशी काही तान लांबवली की ओट्यावरची कबुतरंसुद्धा उडाली. त्याला ते कौतुकच वाटलं.

डोळे उघडले तर बुवा बोटं मिटत होते. दोन्ही हातांची दहा बोटं मिटून झाली. बुवांनी त्या दोन मुठी त्याच्यासमोर धरल्या.

"अकरावं?"

मार्तंड जरा चुळबुळला.

"ते... बसेना, बुवा."

"कुठं बसेना?"

"ओळीत. सगळ्यांचा शेवट कसा एकसारखा येत होता. पुढं 'बा', मागं 'बाई'. आणि मधेच ते नाव... 'उकिरडा'. 'बा' लावून बघितलं, 'राव' लावून बघितलं. लोक हसले असते. आणि पितरांच्या दिवशी, भर घाटावर उकिरड्याचं नाव घ्यायचं? कसं दिसतं ते?"

"कसं दिसतं?"

"वाईट दिसतं."

बुवांनी मुठी उघडल्या. घोंगडी बाजूला सारून उठले. अंगात त्राण नव्हतं, तरी उठले. खुंटीवरची पितळी घंटा काढून झोळीत टाकली आणि पायऱ्या उतरायला लागले.

"कुठं निघालात? ताप आहे अंगात."

बुवा उतरतच राहिले. मार्तंड मागोमाग निघाला. झोळीत घंटा आहे म्हटल्यावर त्याला वाटलं, चार माणसांत आपल्या हाती द्यायचा बेत असेल. माणूस स्वतःवर खूश असला की सगळी चिन्हं शुभच दिसतात त्याला.

वाटेत बुवा दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "सकाळी दूधवाली सांगत होती. भागाबाई चार दिवस जेवली नाही."

"कोण भागाबाई?"

"उकिरड्याची आई."

"नवरात्राचा उपास असेल."

"शेजारणी तेच समजल्या."

बुवा श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "भागाबाई... बसतंय बघ तुझ्या दुसऱ्या ओळीत. सोनाबाईच्या मागं."

मार्तंडाच्या काळजात चर्र झालं. पुढची वाट तो बुवांना हात देत चालला.

भागाबाईचं घर गावाच्या टोकाला, नदीकडं तोंड करून. दार सताड उघडं. अंगण ताजं सारवलेलं. आत जमिनीवर एक पाट, पाटापुढं ताट वाढून वर दुसरं ताट झाकलेलं. भिंतीला टेकून म्हातारी बसली होती. चार दिवसांत गालफडं बसली होती तिची, पण डोळे... डोळ्यांत नुसती दिवाळी.

"या बुवा, बसा. उकिरडा यायचाय आजून." तिची नजर मार्तंडाकडं गेली. "हेच का ते गोड गळ्याचं म्हाराज?"

"हाच."

म्हातारी भिंतीला धरून उठली, लटपटत आली आणि मार्तंडाच्या पायांवर डोकं टेकलं. तो मागं सरला. पण तिनं पाय सोडले नाहीत.

"लई उपकार झालं तुमचं. माझ्या लेकाचं नाव घेतलं न्हाईसा."

"आई, अहो..."

"म्हैनाभर समद्या बाया माझ्या मागं. दहा मढी घावली, तुझंबी गेलंच म्हन. द्रोन सोड, मोकळी हो. मीबी म्हनलं, आता पुरं. भात कालवला, आले घाटावर. तुमी एकेक नाव घेत हुतासा, आन् मी द्रोन धरून हुबी. आता माझ्या लेकाचं येतंय, आता येतंय..." ती हसली. "आलंच न्हाई! द्रोन तसाच घरी आनला, कोंबड्यांस्नी घातला."

मार्तंडानं बुवांकडं पाहिलं. बुवा उंबऱ्यात बसले होते, पाठ दाराच्या चौकटीला लावून.

"भागाबाई," बुवा म्हणाले, "नाव कसं ठेवलंस ते सांग याला."

"त्यात काय सांगायचं? पयली तीन लेकरं पाचवीच्या आत गेली माझी. चौथा झाला तवा सुईनीनं त्येला उचलला नि थेट उकिरड्यावर नेऊन ठिवला. मी सूपभर कोंडा देऊन माघारी घेतला. टाकलेलं पोर, त्येच्याकडं काळ कशाला बघतोय? म्हनून उकिरडा. त्या नावानं ईस वर्सं राखला त्येला." तिनं मार्तंडाच्या पायांवरचा हात काढून डोळ्यांना लावला. "आन् आता डोहातबी राखला. घंटासुदिक त्येला वगळून गेली. आला की त्येच्या ताटात चार घास खाईन. तवर पानी सोडून काय घ्यायचं न्हाई, असं बोललेय मी."

गेल्या चार दिवसांत किती जणांनी मार्तंडाला नमस्कार केला होता, त्यातला हा एक त्याला सोसवेना. शालीचा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"बुवा," तो कुजबुजला, "तुम्ही सांगा हिला."

"माझा आवाज गेलाय."

"माझ्यानं नाही होणार..."

बुवांनी झोळीत हात घातला. घंटा काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"मागत होतास ना?"

मार्तंड घंटेकडं बघत राहिला. म्हातारीनंही घंटा बघितली. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त हलायचं थांबलं.

"ती कशाला आनलीसा, बुवा?"

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

मार्तंडानं घंटा घेतली. वजनदार होती. अवसेला एवढी जड लागली नव्हती.

त्यानं एक टोल दिला. घसा साफ केला. आणि इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय... आवाज आपोआप वर चढला, "उकिरडाऽऽ" म्हणून वळण घ्यायला लागला.

"तान नको," बुवा म्हणाले. "ती हाक मारायची तसं म्हण."

मार्तंड थांबला. त्यानं ती हाक कधी ऐकली नव्हती. जेवायला बोलावताना आई हाक मारते, तेवढीच त्याला ठाऊक होती.

"भागाबाईचा उकिरडा," तो म्हणाला.

टोल दिला.

म्हातारीची मान झटकन दाराकडं वळली. वीस वर्षं ते नाव निघालं की कुणीतरी त्या दारातून आत यायचं. ती बघत राहिली. सारवलेलं अंगण, त्यापलीकडं उतरण, त्यापलीकडं पाणी.

घंटेचा नाद विरेपर्यंत ती बघत होती.

"पुन्यांदा म्हना," ती म्हणाली.

"भागाबाईचा उकिरडा."

तिसऱ्यांदा म्हणायला तिनं सांगितलं नाही. पाटाकडं गेली, वरचं ताट काढलं. भाकरी होती, वाळलेली, आणि माशाचं कालवण. तिनं ते सगळं एका द्रोणात भरलं, शेवटचा कणही बोटानं निपटून घेतला. मग रिकामं ताट पाटावर पालथं घातलं.

तिघं घाटावर गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत माणसं भेटली. मार्तंडाच्या हातात घंटा बघून कुणी हसून रामराम घातला, कुणी म्हणालं, "काय महाराज, आज पुन्हा?" त्यानं मान वर केली नाही.

खालच्या पायरीवर तिसरा टोल पडला. नाव झालं. भागाबाईनं द्रोण सोडला. डोहाच्या तोंडाशी तो दोनदा गरगरला, कलला आणि गेला. ती रडेल, ऊर बडवील, आपल्याला शिव्याशाप देईल, अशी मार्तंडानं वाट बघितली. शाप दिला असता तर बरं वाटलं असतं त्याला. ती पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून, आणि गेलेल्या द्रोणाच्या दिशेनं बघत राहिली.

म्हातारीच्या शेजारणीनं दूधभात कालवून घाटावर आणला. भागाबाईपुढं ठेवला.

भागाबाईनं त्याकडं पाहिलं नाही.

"खा गं माये. चार घास खा," बाई म्हणाली. घास करून तोंडाशी नेला. ओठ मिटलेलेच.

मार्तंडानं वाटी घेतली, त्यानंही घास धरला. तिला हाक मारायला तोंड उघडलं, "आई" म्हणायला... त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. भाताची शितं त्याच्या बोटांवरून पाण्यात पडली.

ऊन कललं. दूधभातावर साय धरली. शेजारीण म्हातारीला धरून घरी घेऊन गेली. ती नेईल तिकडं म्हातारी गेली.

मार्तंड बुवांजवळ आला. त्यानं घंटा दोन्ही हातांत धरून पुढं केली. ती आपली आपणच किणकिणत होती. त्यानं आतला लोलक घट्ट मुठीत धरला.

"घ्या ही, बुवा. मला नको. मी हिच्या लायक नाही."

बुवांनी हात पुढं केला नाही. ते चढावाकडं बघत होते. भागाबाईच्या घराचं दार अजून उघडंच होतं, कुणीतरी यायचं असल्यासारखं.

"राहू दे तुझ्याजवळ," ते म्हणाले. "ती अजून जेवली नाही."