हौसाआत्याचं ताक आणि सुबरावचा पेला

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव सुबराव. अंगानं रेड्यासारखा दणकट, सांगितलेलं काम तंतोतंत करणारा. गोची एवढीच, की तो कालचं सांगणं आज करायचा.

त्याची हौसाआत्या ताक विकायची. गावच्या जत्रेत वडाखाली तिचा गाडा लागायचा आणि त्यावर घरची चूल वर्षभर पेटायची. पण गेल्या जत्रेत प्लास्टिकच्या पेल्यांनी ओढा तुंबला. देवस्थानच्या पंचांनी दवंडी पिटवली, "प्लास्टिक दिसलं की गाडा उचलला!" आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता ताक द्यायचं कशात?

जत्रेआधी आठवडी बाजारात आजमावून बघायला आत्यानं पळसाच्या पानांचे द्रोण लावले. बाजारात गाडा लावताना सुबरावला बजावलं, "पिऊन झालं की द्रोण त्या गाईम्होरं टाकायचा."

सुबरावनं टाकले. गाय खूश, आत्या खूश. पण द्रोण गळायचे, गिऱ्हाइकांचे सदरे भिजायचे. म्हणून पुढच्या बाजाराला आत्यानं घरातले पितळी पेले काढले. गिऱ्हाइकं ताक प्यायली आणि सुबरावनं पेले गाईपुढं टाकले. गाईनं एक चावून पाहिला, मग सगळे तुडवले.

आत्यानं कपाळावर हात मारला. "आरं येड्या, पितळ गाईला घालत्यात व्हय? पेला विसळायचा आन् पालथा घालायचा!"

"मग आदी सांगायचं की, आत्या."

चेपलेल्या पेल्यांत कोण पिणार? आत्यानं काचेच्या बाटल्या आणल्या, ताकानं काठोकाठ भरल्या आणि मीठ आणायला गेली. परत येते तो काय, बाटल्या बाहेरून लख्ख विसळलेल्या, बुचं काढलेली, आणि ओळीनं पालथ्या. ताक मुंग्या पीत होत्या.

आत्या रडकुंडीला आली. "आरं, भरल्याली बाटली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची! आन् ती परत आल्याबिगर गिऱ्हाइकाला जागचं हलू द्यायचं न्हाई. समजलं?"

"समजलं. पर आदी सांगायचं की."

बाटल्यांचं ओझं काही आत्याला झेपेना. शेवटी तिनं डोकं लढवलं. नाचणीच्या पिठाचे जाडसर पेले थापले, कडक भाजले. ताक प्या, वर पेलाही खा. कचरा औषधालाही उरायचा नाही!

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच पंच दत्ताजीराव पारखायला आले. सुबरावनं पेला भरून दिला. ताक पिऊन पंचांनी मिशा पुसल्या, मग पेला कुडुमकुडुम खाल्ला. "वा, हौसाबाई! ह्याला म्हणत्यात अक्कल. वडाखालची जागा..."

आत्याचा जीव कानांत गोळा झाला. तेवढ्यात सुबरावनं पंचांचा हात धरला.

"पेला द्या."

"कुठला पेला? खाल्ला की मी!"

"ते मला म्हाईत न्हाई. पेला आल्याबिगर हलायचं न्हाई."

पंचांनी हिसडा मारला. हात सुटेना. "आरं, प्वाटात गेला पेला!"

"सुबऱ्या, सोड त्यास्नी!" आत्या किंचाळली.

पंच घामाघूम झाले. "हौसाबाई, जागा तुमचीच! पर ह्याला आवरा!"

सुबरावनं हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं सावलीत पोतं अंथरलं, पंचांना मायेनं त्यावर बसवलं आणि म्हणाला,

"बसा निवांत. मला बी घाई न्हाई. उद्या सकाळी यील की परत!"